शोधणाऱ्याचा शब्द आणि यादीतला शब्द



कामगार संघटनेच्या कचेरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने ग्रंथसूचींच्या इतिहासावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. परंतु नुकसानभरपाईचा दावा असो, पगारवाढीची मागणी असो, की कारखान्यातील हवेबद्दलची तक्रार असो, आमच्याकडे पुरावा मागितला जातो. आणि तो पुरावा पुष्कळदा जगात कोठेतरी छापून पडलेला असतो. छापलेला असतो, पण सापडत नाही. ज्याला सापडतो तो जिंकतो. तेव्हा ग्रंथालयातल्या यादीत, किंवा आजच्या भाषेत बोलायचे तर डेटाबेसात, एखादी गोष्ट शोधून काढणे ही केवळ पंडितांची कला नव्हे. ती न्याय मागणाऱ्या प्रत्येकाची गरज आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: शोधणाऱ्याचा शब्द एक असतो आणि यादी करणाऱ्याचा शब्द दुसरा असतो. या दोन शब्दांमधले अंतर तोडणे म्हणजेच शोध. गेल्या दीडशे वर्षांत यादीची साधने बदलली, कार्डाच्या जागी यंत्र आले, पण हे अंतर काही गेले नाही. ते कसे पडले आणि लोकांनी ते कसे तोडले, हे एका उदाहरणाच्या आधाराने पाहू.

सोमवारचा आजार

सूतगिरणीतल्या ब्लो-रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ सर्वांत अधिक उडते. तेथे वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळल्यासारखी वाटते, दम लागतो, खोकला येतो. मंगळवारी, बुधवारी त्रास कमी होतो. पुढे पुढे तो आठवडाभर राहू लागतो, आणि शेवटी माणूस कामातून उठतो. कामगार याला दमा म्हणतो, छाती भरली म्हणतो, धूळ लागली म्हणतो.

आता वैद्यकाच्या ग्रंथांत पाहा. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात ताग-अंबाडी विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद आहे. मँचेस्टरच्या डॉ. जेम्स फिलिप्स के यांनी १८३१ साली सूत कातणाऱ्यांच्या छातीच्या विकारावर लेख लिहिला आणि त्याला कातणाऱ्यांचा क्षय असे नाव दिले. १८७७ साली फ्रान्समधील डॉ. आद्रियाँ प्रूस्त यांनी 'बिसिनोसिस' हे नाव वापरले. तलम ताग-वस्त्राला ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्यावरून ते आले. पुढे १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी कामगारांना सोमवारच्या त्रासाबद्दल नेमके प्रश्न विचारून या रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. आपल्या कारखाने कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीतही त्याचे नाव पुढे आले.

म्हणजे रोग एक, आणि नावे चार-पाच. 'दमा' हा शब्द घेऊन सूचीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला जगभरच्या दम्याचे हजारो लेख मिळतील. त्याच्या कामाचे लेख मात्र 'बिसिनोसिस' या नावाखाली पलीकडच्या खणात पडून राहतील. ग्रंथपाल त्याला फसवीत नसतो. त्या खणावरचे नाव त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

एका लष्करी डॉक्टरची यादी

वैद्यकातल्या या खणांवर नावे लावण्याचे मोठे काम अमेरिकेत झाले. जॉन शॉ बिलिंग्ज हा लष्करातला शल्यवैद्य. यादवी युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमधील सर्जन जनरलच्या कचेरीतले लहानसे ग्रंथालय त्याच्या हाती आले. त्याने ते वाढविलेच, पण केवळ पुस्तके जमवून तो थांबला नाही. पुस्तकाचे नाव यादीत असते, पण नियतकालिकात गाडलेल्या लेखाचे काय? म्हणून लेखांचीही विषयवार नोंद करावयाची असे त्याने ठरविले. १८७९ साली रॉबर्ट फ्लेचर याच्या साहाय्याने त्याने 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची काढली, आणि १८८० पासून ग्रंथालयाच्या प्रचंड विषयसूचीचे खंड निघू लागले.

याच बिलिंग्जचा आणखी एका गोष्टीशी संबंध आहे, आणि ती गोष्ट वस्त्रोद्योगाच्या गावांना जवळची वाटेल. अमेरिकेच्या शिरगणतीच्या कामात त्याच्याबरोबर हर्मन हॉलेरिथ नावाचा तरुण होता. माणसांची मोजदाद यंत्राने व्हावी, ही सूचना आपल्याला बिलिंग्जकडून मिळाली, असे हॉलेरिथने पुढे लिहून ठेवले आहे. त्यातून भोके पाडलेल्या कार्डांचे यंत्र निघाले आणि १८९० च्या शिरगणतीत ते वापरले गेले. भोके पाडलेली कार्डे यापूर्वी कोठे होती? मागावर! फ्रान्समधील जाकार याने १८०४ च्या सुमारास अशा कार्डांनी मागावर नक्षी उठविली. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जाकार्डवर विणली जाते, तिचे मूळ तेच. विणकराच्या मागावरून निघालेले कार्ड शिरगणतीत गेले, तेथून हिशेबाच्या यंत्रांत गेले आणि अखेरीस संगणकात शिरले. ज्ञानाच्या यंत्राला कामगाराचा हात लागलेला नाही, असे कोणी म्हणू नये.

विषयाचे तुकडे

बिलिंग्जच्याच काळात, १८७६ साली, अमेरिकेत दोन गोष्टी एकदम झाल्या. मेल्विल ड्यूईने दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, ज्यात प्रत्येक विषयाला आकडा आहे. त्यात ३३१ म्हणजे श्रमाचे अर्थशास्त्र, ३३१.८८ म्हणजे कामगार संघटना. आणि चार्ल्स कटर याने सूचीचे नियम लिहिले. वाचकाची सोय ही यादी करणाऱ्याच्या सोयीपेक्षा मोठी, हे त्याचे सूत्र होते.

तथापि आकड्याच्या एकाच खणात पुस्तक कोंबले की अडचण येते. 'मुंबईच्या गिरण्यांतील धुळीचे रोग' हे पुस्तक कोठे ठेवावे? मुंबईत, गिरणीत, की रोगात? या प्रश्नाला सर्वांत खोल उत्तर आपल्या देशातल्या माणसाने दिले. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच खिळे. पण जोडणी बदलली की निराळी वस्तू तयार होते. विषयसुद्धा असेच तुकड्यांनी बनतात, हे त्यांनी ओळखले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा, असा आहे. १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण आले. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल अशा पाच अंगांनी विषय फोडावा आणि मग जोडावा, ही त्यांची रीत पुढे पक्की झाली.

डेटाबेसापुढे बसताना रंगनाथनांची ही रीत सर्वांत उपयोगी पडते. प्रश्न जसाच्या तसा यंत्राला विचारू नये; आधी कागदावर त्याचे तुकडे पाडावेत. कोणाला झाले? काय झाले? कशाने झाले? कोठे? केव्हा? एवढे लिहिले की अर्धा शोध झाला.

मोचीच्या मुलाचे तीन शब्द

हे तुकडे जोडायचे कसे, हे मात्र निराळ्याच माणसाने सांगून ठेवले होते. जॉर्ज बूल हा १८१५ साली इंग्लंडात लिंकन येथे एका मोच्याच्या घरी जन्मला. विद्यापीठात शिकून पदवी त्याने कधीच घेतली नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी घर चालविण्यासाठी तो शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि गणित आपले आपण शिकला. दुकानांतील नोकरांना संध्याकाळी लवकर सुटी मिळावी म्हणून त्याच्या गावी चळवळ झाली. त्या चळवळीच्या व्यासपीठावरून १८४७ साली त्याने फुरसतीच्या सदुपयोगावर व्याख्यान दिले. आपण आज येथे जे करीत आहोत, तेच! हा पदवी नसलेला माणूस १८४९ मध्ये आयर्लंडात कॉर्क येथे गणिताचा प्राध्यापक झाला, आणि १८५४ साली विचारांच्या नियमांवरचा आपला ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला.

बूलने विचारांच्या जोडणीचे बीजगणित मांडले. १९३७ साली क्लॉड शॅननने दाखवून दिले की विजेच्या मंडलांनाही ते लागू पडते, आणि संगणक त्यावर उभा राहिला. ग्रंथालयाच्या शोधात त्यातले तीन शब्द आले: 'आणि', 'किंवा', 'नाही'. आपल्या उदाहरणात ते असे चालतात. रोगाचा ढीग: बिसिनोसिस किंवा कापसाची धूळ किंवा व्यवसायजन्य श्वासविकार. कामाच्या जागेचा ढीग: वस्त्रोद्योग किंवा सूतगिरणी. स्थळाचा ढीग: मुंबई किंवा बॉम्बे, कारण इंग्रजीतले नाव १९९५ साली बदलले आणि त्यापूर्वीचे लेख जुन्याच नावाने नोंदलेले आहेत. प्रत्येक ढिगाच्या आत 'किंवा', आणि ढिगाढिगांमध्ये 'आणि'. 'किंवा'ने जाळे रुंदावते, 'आणि'ने ते आवळते. 'नाही' हा शब्द मात्र जपून वापरावा. 'तंबाखू नाही' असे सांगितले, तर ज्या लेखाने बिडी ओढणारे आणि न ओढणारे कामगार वेगळे करून धुळीचा दोष सिद्ध केला, तोच उपयोगाचा लेख बाहेर फेकला जातो.

इंग्रजी शब्द असेल तर आणखी एक पथ्य आहे. 'लेबर' हा शब्द इंग्रज लोक 'यू' घालून लिहितात आणि अमेरिकन तो गाळतात. दोन्ही लिहिले पाहिजेत. पुष्कळ डेटाबेसांत शब्दाच्या मुळापुढे तारांकन टाकले की त्याची सारी रूपे एकदम येतात. आणि दोन शब्द जोडीनेच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत.

यंत्र आले, अंतर राहिले

बिलिंग्जचे ग्रंथालय पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाले. त्याने १९६० साली ठरीव विषयशीर्षकांची यादी छापली आणि १९६४ मध्ये 'मेडलार्स' हे संगणकाचे काम सुरू केले. प्रश्न टपालाने पाठवावयाचा आणि उत्तरासाठी आठवडे थांबावयाचे, अशी ती व्यवस्था होती. १९७१ साली तारेवरून थेट शोध देणारी 'मेडलाइन' आली, आणि १९९७ मध्ये 'पबमेड' या नावाने ती सर्वांना फुकट खुली झाली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी गिरणी कामगारांवर केलेले अभ्यासही त्यांत आहेत.

या यंत्राची परीक्षा आरंभीच झाली, ही त्या ग्रंथालयाची मोठी गोष्ट. एफ. डब्ल्यू. लँकेस्टर या अभ्यासकाने १९६६-६७ मध्ये सुमारे तीनशे खऱ्या प्रश्नांवर मेडलार्स तपासून पाहिले. त्याचा अहवाल १९६८ साली आला. सरासरीने शंभर उपयुक्त लेखांतले सुमारे ५८ यंत्राला सापडत होते, आणि त्याने दिलेल्या शंभर लेखांतले सुमारे ५० उपयोगाचे होते. बाकीचे का हुकले? कोठे नोंद करणाऱ्याने योग्य शीर्षक दिले नव्हते, कोठे शीर्षकांच्या यादीत तो शब्दच नव्हता, कोठे शोध चुकीचा रचला होता, आणि कोठे विचारणाऱ्याने आपली गरजच नीट सांगितली नव्हती.

कोळी बांधवांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जाळ्याची भोके लहान ठेवली तर मासळीबरोबर कचराही येतो. मोठी ठेवली तर कचरा जातो, पण मासळीही निसटते. शोधाचे तसेच आहे. म्हणून एकदाच जाळे टाकून घरी जाऊ नये. पहिल्या खेपेला एखादा तरी नेमका लेख मिळतो. त्याच्या नोंदीखाली कोणती विषयशीर्षके दिली आहेत ती पाहावीत आणि तीच घेऊन पुन्हा शोध करावा. यादीतला शब्द यादीकडूनच शिकावा.

दुसरी वाट यूजीन गारफिल्डने दाखविली. १९६० च्या दशकात त्याने विज्ञानातील संदर्भांची सूची काढली. त्यात विषय पाहावयाचा नाही. एका लेखाचा आधार पुढे कोणकोणत्या लेखांनी घेतला ते पाहावयाचे. शिलिंगचा एक लेख हाती लागला की पुढच्या पिढ्यांतले लेख एकामागून एक मिळू लागतात. लेखाखालच्या टीपांवरून मागे जावे, गारफिल्डच्या रीतीने पुढे जावे. नावे बदलली तरी ही साखळी तुटत नाही.

नाव ठेवतो कोण?

येथपर्यंत मी शब्दांचे अंतर ही जणू निसर्गाची अडचण आहे, अशा रीतीने बोललो. वस्तुतः नाव ठेवण्यात सत्ता असते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची विषयशीर्षके जगभर चालतात. त्यांत 'संप आणि टाळेबंदी' हे एकच शीर्षक आहे. संप कामगाराचा, टाळेबंदी मालकाची. पण यादीत दोघे एकाच चटईवर!

ही गोष्ट हसण्यावारी नेता येईल, पुढच्या नाही. हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डॉरोथी पोर्टर यांनी १९३० पासून काळ्या लोकांच्या ग्रंथसंग्रहाचे काम हाती घेतले. तेव्हा अनेक ग्रंथालयांत काळ्या लेखकाचे पुस्तक, मग ती कविता का असेना, ड्यूईच्या गुलामगिरीच्या किंवा वसाहतीच्या आकड्याखाली घालीत असत. पोर्टरबाईंनी ते नाकारले. कविता कवितेत ठेवली आणि इतिहास इतिहासात. अलीकडची गोष्ट म्हणजे परदेशातून कागदपत्रांवाचून आलेल्या माणसांना काँग्रेस ग्रंथालयाच्या यादीत 'बेकायदा परके' असे शीर्षक होते. २०१४ साली डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध मागणी केली. २०१६ मध्ये ग्रंथालयाने बदल जाहीर केला, तेव्हा तेथल्या संसदेतून विरोध झाला. अखेर २०२१ साली ते शीर्षक बदलले. एका कार्डावरच्या दोन शब्दांसाठी सात वर्षे लढावे लागले. म्हणून यादी वापरताना तिचे शब्द शिकावेत, पण ते वेदवाक्य मानू नयेत.

आपल्या घरची यादी

यादीला कडाही असतात. मेडलाइनमधला मुख्य भरणा १९४६ नंतरच्या लिखाणाचा आहे. त्याआधीच्या लेखांसाठी छापील सूचीचे जुने खंड चाळले पाहिजेत. जे डेटाबेसात नाही ते जगात झालेच नाही, असे समजणारा अभ्यासक अर्धा इतिहास गमावतो.

मराठीचे तर काय सांगावे! परदेशी ग्रंथालयांच्या यादीत मराठी पुस्तके रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि तेथे 'कामगार' हा शब्द का-म-गा-र अशी चारही अक्षरे पुरी करून, म्हणजे 'म'ला आणि शेवटच्या 'र'लाही 'अ' जोडून लिहितात. आपण बोलतो तसे लिहिले, तर यंत्र पुष्कळदा हात हलवीत परत पाठविते. ही युक्ती ठाऊक असली की तीच पुस्तके पुढे येतात.

पण मराठीत यादीच नसती तर? शंकर गणेश दाते या गृहस्थांनी ग्रंथालयांतून हिंडून, पुस्तके प्रत्यक्ष पाहून, १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. एका माणसाच्या चिकाटीने एका भाषेचे दीडशे वर्षांचे मुद्रित धन शोधण्याजोगे झाले.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१ पासून 'लेबर गॅझेट' काढले, म्हणून त्या काळातले पगार आणि संप आज आकड्यांनिशी सांगता येतात. परंतु ती सरकारची नोंद. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांची पत्रके, सभांची इतिवृत्ते, चाळीतल्या समित्यांच्या वह्या यांची यादी कोणी करावयाची? ते कागद ट्रंकांत आहेत, माळ्यावर आहेत, आणि वाळवी त्यांचे वाचन करीत आहे.

एक सावधगिरीची सूचना करतो. आता साध्या भाषेत प्रश्न विचारला की सरळ उत्तर लिहून देणारी यंत्रे आली आहेत. ती उपयोगी आहेत. रोगाची चार नावे सुचवावयास त्यांना जरूर सांगावे. पण २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. ज्या लेखाचा आधार द्यावयाचा तो डोळ्यांनी पाहिल्यावाचून देऊ नये, हा नियम कार्डाच्या काळात होता, तोच आजही आहे. आमच्या बाजूचा एक खोटा आधार उघडा पडला, तर नऊ खरे आधारही संशयात सापडतात.

मित्रहो, माझी आपल्याला विनंती दोन प्रकारची आहे. ग्रंथालयात जाल तेव्हा ग्रंथपालाला केवळ 'हे पुस्तक आहे काय' असे विचारू नका. 'माझा प्रश्न असा आहे, तुमच्या यादीत याला काय म्हणतात' असे विचारा. दुसरी विनंती आपापल्या संस्थांसाठी. संघ, मंडळ, पतपेढी, शाळा, ज्याची जी संस्था असेल तिच्या कपाटातले कागद काढा आणि प्रत्येकाची एक चिठ्ठी करा: कोणाचे, कशाबद्दल, कोठले, केव्हाचे. विषय लिहिताना लोक जो शब्द बोलतात तोही लिहा आणि पंडित जो बोलतात तोही लिहा. 'दमा' लिहा आणि 'बिसिनोसिस'ही लिहा. पन्नास वर्षांनी कोणा कामगाराची मुलगी आपल्या आजोबांची छाती कशाने भरली हे शोधू लागेल, तेव्हा तिच्याजवळ यांपैकी जो शब्द असेल त्याने खण उघडला पाहिजे.